शब्दार्थाची वही आणि हक्कसोडपत्र

शाळेत नवा शब्द शिकवायची आपली एकच रीत आहे. फळ्यावर डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. मुलींनी ते वहीत उतरवायचं, पाठ करायचं, पेपरात लिहायचं. जत तालुक्यातल्या दहावी झालेल्या मुलींच्या अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. अक्षर मोत्यासारखं. पण त्यातला एखादा शब्द काढून 'हा तुझ्या बोलण्यात कधी येतो का गं?' असं विचारलं की मुलगी खाली बघते.

माझं म्हणणं असं, की शब्द पाठ करून येत नाही. चारचौघींत बसून, वाचून, त्यावर वाद घालून येतो. आणि आपल्या मुलींच्या बाबतीत ही नुसती मराठीच्या तासाची गोष्ट नाही.

जतच्या पूर्व भागात, उमदी-संखच्या बाजूला, पुष्कळ घरांत कन्नड बोललं जातं. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. पण महसूल खात्याचा कागद, कोर्टाची नोटीस येते ती मराठीत, आणि तीही अशी की पुण्यातल्या शिकलेल्या बाईला दोनदा वाचावी लागेल. 2022 च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या गावांचा विषय काढला, तेव्हा 'हक्क' हा शब्द दोन्हीकडून बराच गाजला. तो गावांवरचा हक्क होता. गावातल्या बाईच्या जमिनीवरच्या हक्काचं त्यात कुणी काढलं नाही.

आमच्या वाचनगटात आठ-दहा मुली आणि दोन-तीन सुना बसतात. एक पान घ्यायचं, एकीनं मोठ्यानं वाचायचं, अडेल तिथं थांबायचं. शब्दकोश लगेच उघडायचा नाही. आधी प्रत्येकीनं अंदाज सांगायचा, मग घरच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते, मग स्वतःचं एक वाक्य. शब्दकोश शेवटी.

एकदा आम्ही हक्कसोडपत्राचा छापील नमुना वाचायला घेतला. वारस, सहहिस्सेदार, विनामोबदला, राजीखुशीने. 'हक्क'ला कुणी अडलं नाही; कन्नडमध्येही 'हक्कु'च. 'विनामोबदला'चा उलगडा एका मुलीनं केला: मोबदला म्हणजे रोजगार हमीच्या कामावर मिळतो तो, मग विनामोबदला म्हणजे वेठबिगार! अर्थ अगदी तंतोतंत नाही. पण मला तो कोशातल्यापेक्षा जवळचा वाटला. 'राजीखुशीने'वर मात्र सुना बोलल्या. माहेर तुटू नये म्हणून केलेली सही राजीची म्हणायची का खुशीची? मग एकीनं सांगितलं, की कन्नडमध्ये या कागदाला 'हक्कु बिडुगडे पत्र' म्हणतात. बिडुगडे म्हणजे सोडणं, आणि सुटकासुद्धा. 'मग आक्का, सुटका कुणाची होते?' हा प्रश्न कुठल्याही स्वाध्यायात सापडायचा नाही.

त्यानंतर कायदा सांगायला मला फार वेळ लागला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. हा हक्क जन्मानंच मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. 'हयात' हा शब्द तेव्हा आपसूक आला आणि राहिला. पण कायदा बदलला तरी नोंदवलेल्या हक्कसोडपत्रावर सही झाली, की ती फिरवणं महाकठीण. म्हणून वाचन सहीच्या आधी व्हायला हवं.

शिक्षक मंडळी म्हणतात, कन्नड मध्ये आणलं तर मराठी बिघडेल. मला उलटा अनुभव आहे. घरचा शब्द शेजारी ठेवला की परका शब्द घट्ट बसतो. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरी यांनी 1963 मध्ये अंजिकुस गावी मजुरांना साक्षर केलं, ते त्यांच्याच रोजच्या जगण्यातल्या शब्दांवर चर्चा करत. दुसरी तक्रार खरी आहे: तासाभरात चार-पाचच शब्द होतात. होऊ देत. आणि गटात बोलक्या मुली पुढं पुढं करतात, बुजऱ्या मागं राहतात, हेही खरं. त्यावर आम्ही एकच करतो. पहिला अंदाज सगळ्यात कमी शिकलेलीनं सांगायचा.

आपल्या चळवळीच्या शब्दांनाही या गटातून जाऊ द्यावं. लिंगभाव, सक्षमीकरण हे शब्द आपण पत्रकांत सर्रास लिहितो. 'परित्यक्ता' घ्या. ऐंशीच्या दशकात सांगली-साताऱ्याकडे स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं या बायकांचा प्रश्न लावून धरला, तेव्हा मोर्चात, निवेदनात सांगता येईल असा मानाचा शब्द हवा होता. पण आमच्यातली एक म्हणाली, 'टाकलेली म्हटलं की टाकणारा कोण, असं विचारता येतं. यात तो दिसतच नाही.' दुसरीला मात्र 'टाकलेली' म्हणवून घेणं नको होतं. दोघींचं जमलं नाही, आणि मीही निकाल दिला नाही.

पुढच्या बैठकीला सातबारा आणि फेरफाराची नोटीस घेणार आहोत. ज्या गटांकडे पोटगीचा अर्ज, वारसनोंदीचा अर्ज यांचे कोरे नमुने असतील, त्यांनी अंकाच्या पत्त्यावर पाठवावेत. जमल्यास मोठ्या टायपात. आमच्या सुनांपैकी दोघींना चष्मा अजून मिळालेला नाही.