मशीन आठ हजाराचं, बिट दहा रुपयाचा!



आज पिकावर नाही, अवजारावर लिहितोय. आणि जरा तोंड सोडूनच लिहिणार आहे, कारण ही चूक करणाऱ्यांत मी स्वतः पहिल्या नंबरला होतो.

आपल्याकडं आता घरोघरी बॅटरीवरचं इम्पॅक्ट मशीन आलंय. कांदाचाळीचे पत्रे, गोठ्याचं शेड, शेडनेटचे पाइप, पॉलिहाऊसच्या ॲल्युमिनियम पट्ट्या, सगळं त्यावरच. मशीन घेताना आपण चार दुकानं फिरतो. बॅटरी किती ॲम्पिअरची, ताकद किती, वॉरंटी किती, सगळं विचारतो. आणि निघता निघता गल्ल्यावरच्या डब्यात हात घालतो, "बिट द्या हो एक, दहा रुपयावाला." घोळ होतो तो इथंच.

मागच्या उन्हाळ्यात चाळीवर पत्रे टाकले. पत्रे ठोकायला आलेला पोरगा हाताचा चांगला होता. बिट मी आणून दिलेला. शे-दीडशे स्क्रू झाले आणि सॉकेटचे आतले कोपरे फाकले. मग काय, मशीन कडकडकड करतंय, सॉकेट डोक्यावरून फिरतंय, स्क्रूचे सहा कोपरे गोल होतायत. असा स्क्रू ना पुढं जात, ना मागं येत. पोरगा म्हणाला, "दादा, राहू द्या, शेजारचा बसलाय ना घट्ट." मीही म्हटलं राहू दे. पश्चिमेच्या कडेला अशा "राहू दे"च्या अकरा जागा झाल्या.

वळवाचा वारा आला आणि दोन पत्रे उचलले ते नेमके त्याच कडेचे. वारा छपराला मधल्यापेक्षा कडेला आणि कोपऱ्यालाच जास्त उचकटतो, हे पुढं कळलं. कांदा वरून भिजला. भिजलेला कांदा चाळीत काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. चार दिवस बायामाणसं लावून निवडला, तरी वास महिनाभर गेला नाही.

गावानं वाऱ्याला नावं ठेवली, पत्र्याला ठेवली, स्क्रूच्या कंपनीला ठेवली. मी पडलेल्या पत्र्याजवळचा एक स्क्रू पकडीनं काढून बघितला. आटे शाबूत, टोक शाबूत, डोकं मात्र सुपारीसारखं गोल. स्क्रू काही वाईट नव्हता. दहा रुपयाचा बिट वाईट होता, आणि तो मीच आणला होता.

"बिट सगळे सारखेच हो दादा"

दुकानात हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं फिरतं. सारखे कसे असतील? इम्पॅक्ट मशीन चालतं कसं ते आधी बघा.

साधं ड्रिल मशीन एकसारखं पिळतं. इम्पॅक्टच्या पोटात एक हातोडी आणि एक ऐरण असते. स्क्रू सैल आहे तोवर दोन्ही एकत्र फिरतात. स्क्रू अडला की हातोडी स्प्रिंग दाबून मागं सरकते, सुटते आणि ऐरणीला फिरण्याच्या दिशेनं टोला देते. असे टोले मिनिटाला ३००० च्या वर. जाम झालेला नट पान्याला लोंबकळून निघत नाही, मग आपण पान्याच्या दांड्याला हातोडीचा टोला देतो आणि तो चटकन सुटतो, तीच ही युक्ती.

माझ्या मशीनवर १८० न्यूटन-मीटर लिहिलंय. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १८ किलोचं ओझं टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. हा पीळ एकसारखा नाही, टोल्याटोल्यानं येतो. आणि तो सगळा जातो करंगळीहून बारीक, सव्वासहा-साडेसहा मिलिमीटरच्या लोखंडातून. हातानं फिरवायच्या पेचकसासाठी केलेला बिट तिथं किती तग धरणार?

अजून एक गोंधळ मिटवून टाकतो. इम्पॅक्ट वेगळं आणि हॅमर ड्रिल वेगळं. हॅमर ड्रिलचा ठोका पुढं, भिंतीत जातो. इम्पॅक्टचा टोला गोल, फिरण्यात जातो. "ठोकणारं मशीन आहे, भिंतीलाही चालेल" म्हणून इम्पॅक्टला सिमेंटचा बिट लावणारे बघितलेत मी. बिटही जातो, भोकही होत नाही.

"मग सगळ्यात कडक बिट घ्यायचा!"

इथं बरेच शहाणे चुकतात. कडक म्हणजे मजबूत नव्हे. आपल्या गावचा लोहार विळ्याला पाणी देतो ते आठवा. पाणी कमी झालं तर धार वळते. पाणी जास्त झालं तर विळा चरचरीत होतो आणि उसाच्या बुडात एखादा खडा लागला की दात पडतो. कुऱ्हाडीचं पाणी धारेपुरतंच ठेवतात, मागचा भाग मऊ राखतात, म्हणून ती घाव सोसते.

बिटाचंही तेच. अतिकडक बिट साध्या ड्रिलच्या एकसारख्या पिळाला छान टिकतो, टोल्याला मात्र काचेसारखा तुटतो. इम्पॅक्टसाठी केलेल्या बिटाचं टोक कडक आणि अंग चिवट असतं. बऱ्याच बिटांची कंबर मुद्दाम बारीक केलेली असते. टोला आला की ती कंबर केसभर पिळते आणि परत सरळ होते. टोल्याची धार तिथं मरते, टोकापर्यंत पोचत नाही. बारीक कंबर बघून "हा तर नाजूक दिसतोय" म्हणत जाडजूड बिट उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सोनेरी रंगाचंही तसंच. सोनेरी मुलाम्यानं वरची झीज थोडी कमी होईल, पण आतल्या लोखंडाचं पाणी बिघडलेलं असेल तर मुलामा काय करणार? वरून हळद लावली म्हणून किडका कांदा बियाण्याला चालत नाही.

दुकानात उभं राहून काय बघायचं

१. बिटावर किंवा पाकिटावर इम्पॅक्टसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. नुसतं "एस २ स्टील" लिहिलंय म्हणून भुलू नका. एस जातीचं पोलाद धक्का सोसण्यासाठीच असतं हे खरं, पण त्याला पाणी नीट दिलंय का ते त्या अक्षरांवरून कळत नाही. नाव असलेल्या कंपनीचाच घ्या.

२. लांबी ५० मिलिमीटर किंवा जास्त. लांब बिटाला पिळायला जागा मिळते. मागच्या दांडीला गोल खाच हवी, ती मशीनच्या तोंडात अडकते. २५ मिलिमीटरचे बुटके बिट बऱ्याच मशीनमध्ये थेट अडकत नाहीत, त्यांना होल्डर लागतो. मग होल्डरही इम्पॅक्टचाच पाहिजे, नाहीतर बिटाऐवजी तो तुटणार.

३. पत्र्याच्या स्क्रूचं डोकं मोजा. १२ नंबरच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला बहुतेक ८ मिलिमीटरचं सॉकेट लागतं. १४ नंबरला बहुधा त्याहून मोठं. एक स्क्रू खिशात घालूनच दुकानात जा आणि सॉकेटमध्ये बसवून हलवून बघा. खुळखुळ वाजला तर परत ठेवा.

४. प्लसचे सगळे स्क्रू एक नसतात. पीएच १, २, ३ असे आकार आहेत, जास्त चालणारा २. काही स्क्रूंच्या प्लसमध्ये चार बारीक जादा रेघा दिसतात, तो पीझेड. पीएचचा बिट पीझेडमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण जोर आला की उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. नवीन लाकडी काम असेल आणि निवड हातात असेल तर सहा पाकळ्यांच्या खाचेचा, टॉर्क्सचा स्क्रू घ्या. त्यातून बिट सहसा उसळत नाही.

५. पान्याच्या पेटीतली चकचकीत सॉकेटं इम्पॅक्टला लावू नका. ती हाताच्या पान्यासाठी आहेत, टोल्यानं तडकतात आणि तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. इम्पॅक्टची सॉकेटं जाड भिंतीची, बहुधा काळी असतात. आणि सॉकेट कुठलंही असो, डोळ्यावर चष्मा पाहिजेच. शिडीवर मान वर करून काम करताना तुकडा थेट डोळ्यात येतो.

६. सॉकेटमधल्या लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. तो साचला की स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसत नाही, वरच्यावर धरलं जातं आणि कोपरे गोल होतात. दर वीस-पंचवीस स्क्रूनंतर चिकटपट्टीचा गोळा आत दाबून कीस काढा. माझ्या अकरापैकी निम्म्या जागा नुसत्या या एका आळसाच्या असाव्यात.

"एवढा महाग बिट परवडत नाही"

हिशोब करू. आमच्याकडं इम्पॅक्टचा चांगला सॉकेट बिट शंभर-सव्वाशेला मिळतो. चाळीला दोन लागले तर अडीचशे. त्याच कामाला दहावाले आठ लागतील, म्हणजे ऐंशी. वाचले एकशे सत्तर. आता एक गोल झालेला स्क्रू पकडीनं काढायला पाच-सात मिनिटं जातात, तीही पत्र्यावर उन्हात. असे वीस स्क्रू झाले की दोन तास गेले. दोन माणसांच्या दोन तासांच्या मजुरीत बिटाचे पैसे निघून गेले, आणि भिजलेला कांदा यात धरलेलाच नाही. बी-बियाण्याला आपण स्वस्त बघून फसतो तेव्हा निदान हळहळतो. इथं हळहळतही नाही, वाऱ्यावर ढकलतो.

थोडं माझ्याही विरुद्ध

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बिट कितीही चांगला असला तरी छपराच्या रबर वॉशरच्या स्क्रूसाठी इम्पॅक्ट हे सगळ्यात योग्य मशीन नाही. स्क्रू बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी खोली आवरणारी स्क्रू-गन सुचवतात. इम्पॅक्टला कुठं थांबायचं ते कळत नाही, ते आपल्या बोटाला कळावं लागतं. रबर कडेपर्यंत किंचित फुगलं की ट्रिगर सोडायचा. चुरगळून बाहेर आलं तर उन्हानं फाटणार आणि पावसात गळणार. मशीनला वेगाचे टप्पे असतील तर खालच्यावर ठेवा. पूर्ण वेगानं स्क्रूचं टोकही जळतं, मग तो पाइपात भोकच पाडत नाही. पण आपल्या हातात स्क्रू-गन नाही, इम्पॅक्टच आहे. मग निदान त्याचा बिट तरी त्याच्या जातीचा असू दे.

शेवटी कृषी सहायक, पॉलिहाऊसचे सल्लागार आणि ठेकेदार मंडळींना हात जोडून विनंती. तुम्ही पाइपाची जाडी सांगता, कागदाचे मायक्रॉन सांगता, खताचा डोस ग्रॅममध्ये सांगता. माझ्या हाती आलेल्या अंदाजपत्रकात मात्र "स्क्रू व इतर किरकोळ" एवढी एकच ओळ होती. अख्खं छप्पर ज्याच्यावर लटकलंय ते किरकोळ कसं? स्क्रूचा नंबर लिहा, त्याला लागणारा बिट लिहा, आणि किती स्क्रूनंतर बदलायचा तेही पोरांना दाखवून द्या. त्यांना कोणी शिकवलंच नाही, तर ती "राहू द्या दादा" म्हणणारच.

यंदा चाळीची पश्चिम कड मी स्वतः शिडीवर चढून तपासली. अकराही स्क्रू बदलले, नव्या बिटानं एकही डोकं गोल झालं नाही. जुना बिट फेकला नाही, मशीनच्या पेटीला दोरीनं बांधून ठेवलाय. पेटी उघडणाऱ्याला आधी तो दिसतो.

तुमच्या पेटीतले बिट आज संध्याकाळी काढून बघा. कोपरे गोल झाले असतील तर ठेवून देऊ नका. वळीव काही सांगून येत नाही.