दूतावासाआधी उघडलेले दार

१/
फेब्रुवारी १९७२. बीजिंगमध्ये निक्सन आणि माओ यांचे हस्तांदोलन झाले आणि दोन राष्ट्रांमधील वैर संपले, अशी समजूत त्या छायाचित्राने रूढ केली. प्रत्यक्षात त्यानंतरही जवळजवळ सात वर्षे अमेरिका आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. त्या मधल्या काळात व्यापार परिषदांनी काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा धागा. 🧵

२/
कोरियन युद्धात चीन उतरल्यावर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने त्याच्याशी व्यापार बंद केला व चिनी मालमत्ता गोठवली. चीननेही आपल्या भूमीवरील अमेरिकी मालमत्ता ताब्यात घेतली. हा हिशेब पुढे तीन दशके अडून राहिला.

३/
१९५२ मध्ये चीनने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रोत्साहनासाठी एक परिषद स्थापली. नावाला ती बिगरसरकारी होती, आणि तेच तिचे बळ होते. ज्या सरकारला मान्यता नाही त्याच्याशी करार करता येत नाही. त्याच्या परिषदेशी मात्र व्यापाऱ्यांना बोलता येते.

४/
अमेरिकेने जून १९७१ मध्ये व्यापारबंदी सैल केली. १९७३ मध्ये तेथील कंपन्यांनी, सरकारच्या प्रोत्साहनाने, अमेरिका-चीन व्यापारासाठी राष्ट्रीय परिषद उभारली. अमेरिकेचा दूतावास तेव्हाही तैपेईतच होता.

५/
फळ काय मिळाले? १९७२ मध्ये उभय देशांचा व्यापार १० कोटी डॉलरहून कमी होता. १९७४ मध्ये तो ९० कोटींपलीकडे गेला. पण त्यात मोठा वाटा शेतमालाचा होता. चीनने धान्यखरेदी आवरताच १९७६ पर्यंत आकडा ४० कोटींच्या खाली घसरला.

६/
मूळ दुखणे तसेच होते. जुन्या मालमत्तेचे दावे मिटले नव्हते आणि चिनी मालावर चढे आयातशुल्क होते. या गाठी परिषदेच्या हातच्या नव्हत्या. १ जानेवारी १९७९ रोजी मान्यता मिळाली. त्याच वर्षी सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलरच्या अमेरिकी दाव्यांपोटी चीनने ८ कोटी ५ लाख देण्याचे कबूल केले. शुल्कसवलत १९८० मध्ये आली.

७/
त्याच सुमारास याची उलट बाजूही दिसली. तैवानशी व्यापारासाठी अमेरिकेत १९७६ मध्ये वेगळी परिषद निघाली होती. १९७९ मध्ये तैवानची राजनैतिक मान्यता गेली. परिषद मात्र टिकली. एकीकडे परिषद मान्यतेच्या आधी आली, दुसरीकडे मान्यतेनंतर मागे उरली.

८/
म्हणून ‘व्यापार वाढला की मैत्री आपोआप होते’ हे विधान अर्धेच खरे आहे. परिषद दार किलकिले ठेवते. उंबरठा ओलांडण्याचा निर्णय सरकारलाच घ्यावा लागतो.

९/
आणि त्या दारातून आत कोण जाते, हेही पाहिले पाहिजे. परिषदेचे सभासद म्हणजे कंपन्या. मे २००० मध्ये चीनला कायमस्वरूपी व्यापारसवलत देणारे विधेयक अमेरिकी प्रतिनिधीगृहात २३७ विरुद्ध १९७ मतांनी संमत झाले. उद्योगजगत त्याच्या बाजूने होते, मोठ्या कामगार संघटना विरोधात. वाटाघाटींच्या मेजावर कामगारांना खुर्ची नसेल, तर त्यांचा राग पुढे मतपेटीतून बोलतो.

१०/
आजही दूरच्या दोन देशांत नवी व्यापार परिषद स्थापन झाल्याची बातमी येते, तेव्हा करारांच्या रकमांइकेच सभासदांच्या यादीकडेही लक्ष द्यावे. तिथे ज्यांची नावे आहेत त्यांचा लाभ लवकर दिसतो. ज्यांची नावे नाहीत त्यांची किंमत इतिहासात उशिरा नोंदली जाते.