विमानाचा वेळ किलोमीटरवरून काढू नका

दिल्लीहून अमेरिकेला निघालेले विमान मध्येच व्हिएन्नाला उतरले, पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकली आणि नव्या तिकिटाचे पैसे ग्राहकाने एजंटाकडे मागितले, अशा तक्रारींची पत्रे अजून येत आहेत. मुलांकडे निघालेले, व्हीलचेअर लागणारे आईवडील यात सर्वांत जास्त भरडले जातात.

पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दोनच दिवसांनी डीजीसीएने कंपन्यांना कळवले, की वाढलेला वेळ आणि वाटेतला संभाव्य टेक्निकल हॉल्ट प्रवाशाला चेक-इनला, बोर्डिंग गेटवर आणि एसएमएस-ईमेलने सांगावा. गेटवर सांगून काय उपयोग? तोवर वेगळ्या पीएनआरवरचे पुढचे तिकीट कधीच काढून झालेले असते आणि ते चुकल्यावर दोन्ही कंपन्या हात वर करतात. बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढवली जाते, तिकिटे मात्र आपण अकरा-अकरा महिने आधी विकतो. हॉल्ट ठरलेला असेल तर तो बुकिंग करतानाच जीडीएसमध्ये सेक्टरसमोर दिसला पाहिजे. हॉल्ट नंतर घातला असेल, तर आधी विकलेल्या तिकिटाची तारीख विनाशुल्क बदलून मिळाली पाहिजे. डीजीसीएने हे आदेशात लिहायला हवे होते. विकणाऱ्याचा त्यात विचारच नाही.

पण आपले काही सभासदही कमी नाहीत. दोन विमानतळांमधले अंतर बघायचे, नऊशेने भागायचे आणि ग्राहकाला तास सांगून मोकळे व्हायचे, हे अजून चालते. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेले, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोचले, कारण वारा पाठीशी होता. मुंबई–लंडन दोन्ही बाजूंनी 7,200 किलोमीटरच आहे, पण जाताना तोच वारा समोरून येतो आणि येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. ग्राहकाला सांगायचा तो शेड्यूलमधला ब्लॉक टाइम, तोही तिकीट काढायच्या दिवशीचा.

त्याहून वाईट खोड म्हणजे पीएनआरमध्ये प्रवाशाचा मोबाइल नंबर न टाकता स्वतःचा टाकणे. ग्राहक कंपनी पळवील या भीतीने हे केले जाते. वेळ बदलल्याचा एसएमएस मग रात्री दोनला आपल्या बंद ऑफिसच्या फोनवर येऊन पडतो. आयाटाच्या 830डी ठरावानुसार प्रवाशाकडे नंबर मागणे आणि त्याने दिला तर तो टाकणे बंधनकारक आहे. असा नंबर दडवणाऱ्या सभासदाची बाजू आम्ही घेणार नाही.

बाकीच्यांना विनंती: शेड्यूल चेंजची क्यू रोज उघडा. कनेक्शन चुकलेल्या प्रत्येक प्रकरणाची मूळ वेळ, बदललेली वेळ आणि संदेश आला की नाही, एवढे प्रवाशाचे नाव झाकून महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. डीजीसीएकडे निवेदन न्यायचे आहे, ते कागदांसह न्यायचे आहे.