चढते मचाण

लहानपणी धाकटा भाऊ आंब्यावर चढे आणि मी खाली टोपली धरून उभा राही. वडीलपणाचा तो मान गेल्या दिवाळीच्या सुटीत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मला पुन्हा मिळाला. रान मात्र पेनसिल्व्हेनियातले होते, आणि चिरंजीव निघाले होते हरणासाठी.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला आळा घातला. तिकडे लांडगे नाहीसे झाले, हरणे वाढली आणि जंगलाची कोवळी रोपे फस्त करू लागली. म्हणून परवाना काढून ठरल्या दिवसांत शिकार करतात. हे सारे मला समजावीत भाऊ दुकानात घेऊन गेला.

चढत्या मचाणाचे दोन भाग असतात. एक बसायचा, दुसरा उभे राहायचा. दोहोंना खोडाभोवती टाकायची पोलादी दोरी. वरच्या भागावर बसून पायांनी खालचा वर ओढायचा. मग त्यावर उभे राहून वरचा सरकवायचा. अगदी उंटअळीची चाल! मी मास्तरकीच्या सवयीने बैठकीची गादी चाचपली. भावाने वजन पाहिले, कारण ते पाठीवरून रानात न्यायचे असते. शिवाय मचाण किती भार पेलते तेही पाहिले. त्या भारात नुसता माणूस नव्हे, त्याचे गरम कपडे, धनुष्य आणि पिशवीही मोजायची.

झाड हवे जिवंत, सरळसोट आणि खाली फांद्या नसलेले. म्हणजे आमचा आंबा पहिल्याच फेरीत नापास! खोड वर बारीक होत जाते, तशी दोरी सैल पडून फळी पुढे झुकते. म्हणून सुरुवातीलाच तिची पुढची कड थोडी उचलून लावतात. दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधतात, आणि अंगावरचा पट्टा पाय जमिनीवर असतानाच झाडाला अडकवतात.

भावाने पट्टा अडकवला. दोन भाग बांधायचे मात्र राहिले.

बारा-पंधरा फुटांवर त्याचे पाय निसटले आणि खालची फळी खोडावरून घसरत थेट माझ्या पुढ्यात आली. वर बैठकीवर भाऊ, पाय अधांतरी. क्षणभर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"दादा, ती दोरी बघ!" तो ओरडला.

मागाहून धनुष्य वर ओढून घेण्यासाठी त्याने एक दोरी खाली सोडली होती. थरथरत्या हातांनी मी ती फळीला बांधली. त्याने हळूहळू फळी वर ओढली, पाय रोवले आणि तसाच, इंच इंच करीत, खाली उतरला. त्या दिवशी हरणांना सुटी मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिले काम केले ते दोन भाग बांधण्याचे. मग हातभर उंचीवरच दहा वेळा चढउतार केली. मी मोजत होतो.

रात्री चिपळूणहून आईचा फोन आला. आईला कसे कळते, देव जाणे! म्हणाली, "तो झाडाबिडावर चढला नाही ना रे?"

मी भावाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली.

"चढला होता," मी म्हणालो, "पण खाली मी होतो."

"मग ठीक," आई म्हणाली.

टोपली नव्हती, हे मी तिला सांगितले नाही.