ऑइल बदललं, पण पाणी आलं कुठून?

‘हिंदमाताच्या पाण्यातून काढली, पण बंद पडली नाही यार, वाचलो!’ दर जुलैमध्ये आपल्या पार्किंगमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. माझं म्हणणं असं की, गाडी बंद पडली नाही याचा अर्थ एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलं नाही, एवढाच. मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्यात काय झालं, ते कोणी पाहिलेलंच नसतं.

चेनवाल्या बाइकला हा डबा नसतो. शाफ्ट ड्राइव्हच्या मोटरसायकलला असतो. बीएमडब्ल्यूने 1923 साली आर 32 काढली तेव्हापासून त्यांच्या बॉक्सर गाड्यांना चेनऐवजी शाफ्ट आहे. शाफ्टचं फिरणं बेव्हल गिअर काटकोनात वळवून चाकाला देतात, आणि हे सगळं एका बंद डब्यात, पाव लिटरच्या आसपास ऑइलमध्ये चालतं. अशी गाडी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर बघून आपण नुसतं हळहळायचं. पण घरोघरी असलेल्या गिअरलेस स्कूटरलाही बेल्टच्या पुढे असाच एक डबा असतो. त्यात ऑइल चहाच्या एका ग्लासाएवढं. गिअर साधे, बेव्हल नाहीत. पण पाण्याच्या बाबतीत दुखणं तेच.

आता हे पाणी आत शिरतं कसं? बहुतेकांना वाटतं, पाण्याच्या दाबाने. फर्स्ट इयरचं थर्मो आठवा. गाडी पळून डबा 80 अंशांना तापलाय आणि गुडघाभर पाण्यात सिग्नलला उभं राहिल्यावर तो 30 अंशांवर आला असं धरा. केल्व्हिनमध्ये 353 वरून 303. डबा पूर्ण बंद असेल तर आतला दाब साधारण 14 टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ 1.4 मीटर पाण्याच्या उंचीइतका. चाकाचा मध्य पाण्याखाली असतो फार तर वीतभर-दीड वीत. थोडक्यात, बाहेरचं पाणी जेवढं ढकलतं त्याच्या कितीतरी पट डबा स्वतः ओढून घेतो!

हा फरक भरून निघावा म्हणूनच डब्याला ब्रीदर असतो. पण ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर तो हवेऐवजी पाणी पितो. चिखलाने बुजलेला असेल तर ओढ ऑइल सीलवर येते, आणि सीलची मुख्य ओठ आतलं ऑइल आत ठेवायला बनवलेली असते, बाहेरचं पाणी थोपवायला नव्हे. आत 150 मिली हवा धरली तर वीसेक मिली पाणी, म्हणजे चार छोटे चमचे. ग्लासभर ऑइलला हे पुष्कळ झालं.

म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘पाणी किती होतं?’ हा नसून ‘गाडी तापलेली होती का?’ हा असायला हवा. याच कारणाने दूरवरून आलेली गाडी लगेच जेटखाली धुणं मला हिंदमाताइतकंच वाईट वाटतं. त्यासाठी पावसाळाही लागत नाही.

लालबागला आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर एका पावसाळ्यात तीनदा गॅरेजला गेली. मागून घरघर यायची. तिन्ही वेळा कार्डावर एकच शब्द, ‘ऑइल चेंज’. काका कुरिअरचं काम करतात. गाडी गॅरेजला म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. चौथ्या वेळी परळच्या एका जुन्या मेकॅनिकने गाडी रात्रभर मेन स्टँडवर उभी ठेवायला लावली आणि सकाळी चालू न करता ड्रेन बोल्ट नुसता सैल केला. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे आधी थेंब थेंब पाणीच आलं, मग ऑइल. ते ‘दुधाळ’ होतं. (पुस्तकात आपण ‘इमल्शन’ लिहितो. दुधाळ जास्त चांगला शब्द आहे.) ब्रीदरची नळी चिखलाने गच्च, सीलची ओठ कडक झालेली. सील बदलली, नळी साफ केली. बेअरिंग मात्र तोपर्यंत गंजून गेलं होतं, तेही बदलावं लागलं. पहिल्याच वेळी कोणी नळी बघितली असती तर हा खर्च झाला नसता.

गाडी चालवून गरम ऑइल काढलं की पाणी त्यात घुसळलेलं असतं, वेगळं दिसत नाही. तेव्हा ते काचेच्या बाटलीत भरून दिवसभर ठेवावं. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकावा. पाणी असेल तर चरचरतं. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तवा आईचा नको. बोल्टला मॅग्नेट असेल तर त्यावरची करडी पेस्ट चालते, पण चकाकणारे कण किंवा तांबूस गंज दिसला तर डबा उघडावा.

एकदा बदलून सगळं पाणी निघतही नाही, बेअरिंगच्या फटीत राहतं. म्हणून थोडे किलोमीटर चालवून पुन्हा बदलायचं. दुसऱ्यांदा ऑइल थोडं दुधाळ निघालं तर ते आधीचं शिल्लक असू शकतं. मधे गाडी पाण्यात गेलीच नाही आणि तरी तिसऱ्यांदाही तसंच, तर मात्र वाट चालू आहे: सील, नाहीतर ब्रीदर. या डब्यात कूलंट नसतो. पाणी येणार ते बाहेरूनच.

पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेने हिंदमातासाठी सेंट झेवियर मैदान आणि प्रमोद महाजन उद्यानाखाली साठवण टाक्या बांधल्या, ते चांगलंच झालं. पण तो भाग मुळात बशीसारखा खोलगट आहे, आणि आपल्याला परीक्षेला वेळेवर पोचायचं असतं. गाडी पाण्यात जाणारच.

मला राग येतो तो दोन गोष्टींचा. एक, गॅरेजवाले काढलेलं ऑइल आपल्याला दाखवत नाहीत आणि आपणही मागत नाही. दुसरी, मशीन डिझाइनच्या व्हायवात गिअरच्या दातावरचा स्ट्रेस घडाघडा सांगणाऱ्या आपल्या वर्गात खराब झालेलं गिअर ऑइल हातात धरून कितीजणांनी पाहिलंय? वर्कशॉपमध्ये फाइल जॉब घासण्यात जेवढे तास जातात, त्यातला एक तास एक जुना स्कूटरचा डबा, एक बादली आणि चार बाटल्यांना द्यायला काय हरकत आहे? डबा चोरबाजारातून मी आणतो, बाटल्या कॅन्टीनमध्ये आहेतच.