माल बदलला, करार बदलले; हजेरीपटाचे काय?



नगरच्या एका कारखान्याची हकिकत तुमच्या कानावर घालायची आहे. कारखाना सुताचा नाही, लोखंडाचा आहे. पण साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने ती ऐकावी अशीच आहे.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ओतकाम नवे नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली नगरातच ओतली गेली. पण १९६० साली आपले राज्य झाले तेव्हा साखर कारखाने सोडले तर जिल्ह्यात मोठे धुराडे कुठे होते? पारनेर-संगमनेरकडची पोरे पोटासाठी मुंबईची वाट धरत होती.

१९७० साली हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनी काढली. १९७२ साली तिची लूना रस्त्यावर आली. पन्नास सीसीचे इंजिन, गिअर नाही, पायडल मारून सुरू व्हायची. पेट्रोल संपले तर सायकलीसारखी घरी आणा! स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसणे ज्यांना जमत नव्हते, त्या दूधवाल्याची नि शाळामास्तरची ती गाडी. नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात ती घडत असे.

१९८४ साली जपानच्या होंडाशी भागी झाली. बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आली. ती कुठे बनली? नगरला नाही, मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला! मग नगर जिल्ह्यातला दुष्काळ कुणाला दिसला नाही काय? १९९८ साली होंडा भागीतून बाहेर पडली. २००८ साली स्कूटरचा धंदा महिंद्राकडे गेला. लूना त्याच्याही आधी थांबली होती. नगरचा कारखाना मग दुसऱ्या मोटार कंपन्यांसाठी गिअर, शाफ्ट असे भाग करून तगला. आणि २०२४ साली विजेवरची लूना आली, तेव्हा तिचा सांगाडा, स्टँड याच कारखान्यात बनू लागले.

मालक म्हणेल, बाजार बदलतो, आम्ही काय करणार? खरे आहे. बाजार बदलतोच. पण गड्यांनो, हा कारखाना पुन्हा पुन्हा नव्या मालाकडे वळू शकला तो कशामुळे? जागा कारखान्याचीच राहिली, यंत्रे राहिली, आणि लोखंड ओळखणारे हात राहिले.

आता मुंबईकडे बघा. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर काय झाले? १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकायची वाट उघडली. २००१ साली तो नियम असा फिरवला की घरांसाठी नि मैदानांसाठी यायची जमीन आणखी आक्रसली. साचे भंगारात गेले, भोंगा थांबला, टोलेजंग मनोरे उठले. जमीन गेली की नवा माल बनवायचा कुठे?

नगरलाही धोका टळलेला नाही. विजेच्या गाडीला इंजिन नाही, गिअरही थोडेच. मग गिअर कापण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने कुठे जायचे? कंपनीचा करार झाला की शेअरचा भाव पेपरात छापून येतो. हजेरीपट कोण छापतो?

म्हणून प्रत्येक युनियनने तीन गोष्टी मागाव्यात. कारखान्यासाठी दिलेल्या जमिनीवर कारखानाच राहिला पाहिजे. माल बदलला तर जुन्या कामगाराला भर पगारावर नवे काम शिकवून आधी त्यालाच घेतले पाहिजे. आणि सरकारने सवलत देण्यापूर्वी हजेरीपट तपासला पाहिजे: कायम किती, कंत्राटी किती?

आपल्या भाषेचे राज्य आपण भांडून मिळवले. त्या राज्यात आपल्या हाताला काम राहील की नाही, हेही भांडूनच ठरवावे लागेल. आपापल्या खात्यात बोला, पाळी सुटल्यावर बोला, आणि एकजुटीने मागा!