यंत्र आले, हात कोठे आहे?

यंत्र विकत घेतले की विद्या त्याच्याबरोबर फुकट येते, अशी एक हट्टी समजूत आपल्या समाजात आहे. पेटी घेतल्याने गवई होता येत नाही, हे आपण जाणतो. पण इस्पितळात नवे यंत्र आल्याची जाहिरात वाचली की तेवढ्यावर निर्धास्त होतो. या समजुतीवर माझा राग आहे, आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड या तपासणीच्या निमित्ताने तो मी येथे मांडणार आहे.

ही तपासणी 1980 च्या सुमारास जन्मली. तोंडावाटे जठरात उतरणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफीचे लहानसे यंत्र बसविले, आणि जठरामागे दडलेले स्वादुपिंड अगदी शेजारी आले. 1992 साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी त्याच वाटेने सुई घालून स्वादुपिंडाच्या गाठीतील पेशी काढून दाखविल्या. पोट न उघडता कर्करोगाचे निदान होऊ लागले. हे थोर काम आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती ते शिकविण्याच्या रीतीबद्दल. दोन दिवसांची कार्यशाळा भरते, पडद्यावर एखादा निष्णात डॉक्टर काम करताना दिसतो, टाळ्या पडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. अशा कार्यशाळा निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांनी भूक लागते. पोट मात्र भरत नाही.

कारण येथे हात आणि डोळा दोन्ही एकदम घडवावे लागतात. जठरातून स्वादुपिंडाचे मधले अंग व शेपूट पाहावयाचे, लहान आतड्याच्या आरंभी जाऊन त्याचे डोके व पित्तनळी पाहावयाची. आणि हे सारे करड्या सावल्यांत, रक्तवाहिन्यांच्या खुणा धरून. दुर्बिणीचे टोक ताठ असते. आतड्याच्या वळणावर घाई झाली तर भोक पडते. पण भोक पडले तर निदान ओरड तरी होते. न दिसलेली गाठ ओरडत नाही. ‘काही नाही’ असा कागद घेऊन रोगी घरी येतो, देवापुढे पेढे ठेवतो, आणि गाठ आपले काम करीत राहते.

युरोपातील एंडोस्कोपी संस्थेने 2021 साली सांगितले की, शिकणाऱ्याने देखरेखीखाली निदान 250 तपासण्या कराव्यात, त्यांत 75 सुईच्या असाव्यात. पण केवळ आकडाही पुरेसा नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाच शिकाऊ डॉक्टरांपैकी दोघे 250 हून अधिक तपासण्यांनंतर कसोटीस उतरले. एकाला 400 करूनही शिकवणीची गरज राहिली. म्हणून प्रत्येक तपासणीला गुण द्यावयाचे, अवयव नीट दिसला की नाही, सुईत उपयोगाच्या पेशी आल्या की नाही, हे मांडावयाचे, अशी ‘टीसॅट’ नावाची गुणपत्रिका तेथे तयार झाली आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: “लहान गावांनी एवढे रोगी आणावेत कोठून? मग त्यांनी ही सोय मागूच नये काय?” अवश्य मागावी! परंतु तालुक्याच्या रोग्याचे स्वादुपिंड शहरातल्यापेक्षा स्वस्त नसते. तेथल्या डॉक्टरला सहा महिने, वर्षभर मोठ्या केंद्रात पाठवा. यंत्राला पैसे मिळतात, तर त्याच्या पोटापाण्यालाही मिळाले पाहिजेत. आधी कृत्रिम नमुन्यांवर हात बसू द्या. शेवटी कोणाच्या तरी अंगावरच शिकावे लागते, हे मी नाकारीत नाही. आणि म्हणूनच त्या वेळी गुरू शेजारी उभा असला पाहिजे. ही रोग्याची हक्काची गोष्ट आहे, मेहेरबानी नव्हे.

वाचकांनीही आपला प्रश्न बदलावा. यंत्र कोणत्या कंपनीचे, हे विचारू नका. आपण कोणाच्या हाताखाली शिकलात, किती तपासण्या केल्यात आणि त्या कोणी तपासल्या, हे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. तो खुर्ची पुढे ओढून उत्तर देतो.